मेंढरांमधली जागा

१

सकाळी साडेदहाला बिरुदेव जुळे सोलापुरातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसचं कुलूप काढायचा. आधी केर, मग माठ धुऊन पाणी भरायचं, माठावर तांब्या पालथा घालायचा, आणि मग संगणक चालू करून रात्रीतून काय काय येऊन पडलंय ते बघायचं. शिवानंद अण्णा तिकडं दिवसभर जे चित्रीकरण करायचे, ते इंटरनेटवरून इकडं उतरलेलं असायचं. ते सगळं बसून बघणं आणि कितव्या मिनिटाला काय दिसतं ते वहीत लिहून ठेवणं, हे बिरुदेवचं काम.

अण्णा गेले होते ते बेट पृथ्वीच्या अगदी वरच्या अंगाला होतं. त्याचं खरं नाव पूनमवहिनींनी तीन वेळा उच्चारून बघितलं आणि सोडून दिलं. नकाशात वर दिसतं म्हणून ऑफिसात सगळे त्याला 'वरचं बेट' म्हणत. सगळे म्हणजे तिघंच. अण्णा मराठीत प्रवासाचे व्हिडिओ करायचे, वहिनी पत्रव्यवहार बघायच्या, आणि बिरुदेव वही लिहायचा.

वहीतलं त्याचं अक्षर मोठं आणि सुटं होतं. 'मिनिट चार. धबधबा. खाली इंद्रधनुष्य, दोन पदरी.' 'मिनिट अकरा. जमिनीतून वाफ. चिखल शिजतोय, पिठल्यासारखा.' 'मिनिट तीस. काळे दगडी खांब, सहा कडांचे. दगड आपल्याकडचाच.' हे शेवटचं वाचून अण्णा फोनवर म्हणाले होते, "बरोबर ओळखलंस बे. आपला पण लाव्हाच. आपला थंड झाला, यांचा अजून गरम आहे."

सांगोल्याकडच्या माळावर बिरुदेवच्या वडिलांची मेंढरं होती. त्यांच्यामागं कुणीतरी फिरायला हवं म्हणून त्याची शाळा आठवीत सुटली. पुढं शहरात आला तो साफसफाईच्या कामाला. चारचौघांत त्याच्या तोंडातून आवाज फुटत नसे. अण्णांनीच त्याला संगणकापुढं बसवला, त्याचा हात आपल्या हातात धरून माऊस कसा फिरवायचा ते शिकवलं, आणि म्हणाले, "तुझी नजर चांगली आहे. बाकी सगळं येईल."

वहिनींना पाचवा महिना चालू होता. रोज दुपारी त्या विचारायच्या, "बरे दिसतात ना रे आज?"

"बरे हायत," तो खाली बघून सांगायचा. ते सांगायला मिळतं म्हणून दिवसभर जपून बघायचा.

२

आठव्या दिवशी मेंढरं आली.

काळ्या वाळूचा समुद्रकिनारा, मागं धुरकट डोंगर, आणि डोंगराकडून उतरणारा कळप. बुटक्या पायांची, लांब लोकरीची, वळलेल्या शिंगांची मेंढरं. बिरुदेवनं चित्र थांबवलं आणि सवयीनं मोजली. तीन विसा आणि चार. त्याला इतकं बरं वाटलं की त्यानं ते परत लावलं.

दुसऱ्यांदा बघताना त्याला ती जागा दिसली.

कळप चालतो तो पाण्यासारखा. मध्ये दगड आला की दोन्हीकडून जातो आणि पुढं मिटतो. इथं कळपाच्या मध्यावर एक मोकळी जागा होती आणि ती मिटत नव्हती. मेंढरांबरोबर चालत होती. मेंढरं थांबली की थांबायची, वळली की वळायची. एक कोकरू उड्या मारत तिच्या कडेपर्यंत आलं आणि भिंत लागावी तसं बाजूला झालं.

त्यानं सतरा वेळा तरी मागंपुढं करून बघितलं. खड्डा असेल म्हटलं, तर खड्डा चालत नाही. कुत्रं असेल म्हटलं, तर वाळू स्वच्छ दिसत होती. आणि त्या जागेचं माप त्याच्या ओळखीचं होतं. त्याचे वडील कळपात चालायचे तेव्हा मेंढरं चहूबाजूंनी तेवढीच जागा सोडायची. काठी पोचेल तेवढी.

वहीत त्यानं लिहिलं, 'मिनिट सतरा. मेंढरं, चौसष्ट. मध्ये जागा.' पुढं 'कोणी नाही' असं लिहिलं, आणि मग का कोण जाणे, खोडलं.

संध्याकाळी अण्णांचा फोन आला तेव्हा त्यानं धीर करून विचारलं, "अण्णा, त्या मेंढरांत धनगर होता का कोण?"

"धनगर कुठला बे इथं? उन्हाळाभर मोकळी सोडतात डोंगरावर. थंडीच्या आधी गोळा करतात."

"कुत्रं?"

"कुत्रं नाही, लांडगा नाही, साप तर अख्ख्या बेटावर नाही. का रे?"

"मधी जागा सोडून चालत हुती."

"मग कोरोनातलं अंतर पाळत असतील अजून," अण्णा हसले. "तू त्या ज्वालामुखीचं बघ, मेंढ्या काय बघतोस? एवढं सोडून आलास तरी मेंढ्याच!"

"व्हय," बिरुदेव म्हणाला.

"व्हय नाही बे, हौद म्हण. किती वर्षं झाली सोलापुरात?"

हा त्यांचा जुना खेळ होता. अण्णांच्या घरात कानडी. होय म्हणायचं तर त्यांच्या तोंडात 'हौद' यायचं, फार तर 'हां'. बिरुदेवच्या 'व्हय'ची ते रोज नक्कल करायचे, आणि ती त्यांना कधीच नीट जमायची नाही.

३

त्याचे वडील, ज्ञानबा, तेव्हा मोहोळजवळ कुणाच्या तरी रानात खतासाठी मेंढरं बसवून होते. बिरुदेवनं जिन्यात जाऊन त्यांना फोन लावला.

"आबा, कळपाच्या मदी जागा सुटली आन ती कळपासंगं चालाय लागली, तर काय आसतंय?"

"धनगर आसतुय. दुसरं काय आसनार?"

"धनगर दिसत न्हाय."

"तुला दिसत न्हाय का मेंढरास्नी?"

"मला."

"मंग झालं की. मेंढरू उगं जागा सोडत न्हाय. भाकरी खाल्ली का तू?"

फोन ठेवल्यावर त्याला उगाच एक जुनी गोष्ट आठवली. तो दहा वर्षांचा असताना तळ्याकाठी त्यानं कळपाला हाक मारली होती. आपली मेंढरं आलीच, आणि त्यांच्यामागून एक परकी मेंढी आली. खरजेनं सोललेली, एक डोळा गेलेली. त्यानं दगड उचलला. आबांनी त्याचा कान धरला.

"हाक तू मारलीस न्हवं? मंग तिला पानी तू पाजायचं. कुनाची हाय ती मागनं बगू."

त्यानं पाजलं होतं. ती मेंढी पाणी पिताना त्याच्याकडं एकाच डोळ्यानं बघत होती. दुसऱ्या दिवसापासून ती कळपातली झाली. पंधरा दिवसांनी कुठली ती, हे आबांनासुद्धा ओळखता येईना.

४

त्या शुक्रवारी वहिनी तपासणीसाठी दवाखान्यात गेल्या होत्या. संध्याकाळचे साडेपाच झाले होते. म्हणजे तिकडं भर दुपारचे बारा. बिरुदेवचा फोन वाजला, आणि पडद्यावर अण्णांचा चेहरा आला. ओला, पांढरा पडलेला, लाल जॅकेटच्या कॉलरवर हनुवटी खरचटलेली. मागं धुकं इतकं की कानांपलीकडं काहीच दिसत नव्हतं.

"बिरू, पूनम फोन उचलत नाही. बरंच झालं. तिला सांगू नको. वाट चुकलोय मी."

"अण्णा, हाय तितंच थांबा."

"थांबलोच आहे. इकडच्या मदतवाल्यांना फोन झाला, त्यांना यायला तीन तास लागतील. तेवढा वेळ थंडीत टिकत नाही मी, कपडे भिजलेत. मी उतरलोय ती झोपडी अर्ध्या तासावर आहे, पण कुठल्या बाजूला ते कळेना. आणि डावीकडं कुठंतरी ती वाफेची जमीन आहे. झोपडीवाल्या म्हातारीनं खुणा करून सांगितलंय, वरनं घट्ट दिसते, पाय टाकला की आत. फोन पण नऊ टक्क्यांवर आलाय."

त्यांनी फोन गोल फिरवला. राखाडी. राखाडी. मग दोन-तीन अंधुक ठिपके.

"अण्णा! मेंढरं हायत ती!"

"असू देत की."

"त्यास्नी वाट म्हायती आसती. वाफेवर पाय टाकत न्हाईत ती. झोपडीजवळ कोंडवाडा हाय न्हवं? तिकडंच जात्यात. त्यांच्यामागं जावा."

"सगळी पांगलीत रे. कुणाच्या मागं जाऊ?"

बिरुदेव उठून उभा राहिला. "फोन वर धरा. आवाज मोटा करा."

आणि त्यानं हाक मारली. "हऽऽर्र ये हो! हऽऽर्र ये!" ती आबांची हाक होती. सोलापुरात आल्यापासून चार माणसांत ज्याचा घसा उघडला नव्हता, त्याचा आवाज खोलीच्या भिंतींना धडकला. खालच्या मजल्यावर कुणीतरी शिलाई मशीन थांबवलं.

परमुलखातली मेंढरं. त्यांना ही हाक कळायचं काही कारण नव्हतं. पण धुक्यातून एक तोंड आलं. मग पाच. मग सगळीकडून, घाईनं, खूर वाजवत. अण्णा हसायलाच लागले, भीती उतरल्यावर माणूस हसतो तसे. "अरे आली! आली बे! आणि माझ्या मागनं नाही, पुढंच चाललीत, बघ!"

कळप जमला. आणि बिरुदेवला त्याच्या मध्यावर ती जागा दिसली.

यावर त्यानं नंतर खूप विचार केला. तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. गारपीट आली, वावटळ आली की धनगराच्या पोराला एकच सांगितलेलं असतं, कळपाच्या मध्ये जा. तिथं ऊब असते. ती जागा माणसासाठीच असते. हे त्याच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की त्याच्या तोंडून आपोआप गेलं, "अण्णा, मदी मोकळी जागा हाय. तितं शिरा."

फोन हलला. लोकर, शिंग, धुकं. काहीतरी खरवडल्यासारखा आवाज. मग पडदा काळा झाला. फक्त वारा ऐकू येत होता, आणि खूर.

"अण्णा, शिरलात का?"

वारा.

"अण्णा? शिरलात का?"

"व्हय."

वाऱ्यात आवाज नीट कळत नव्हता. पण उत्तर आलं, आणि बिरुदेव परत खुर्चीत बसला. तो पुढचा अर्धा तास बोलत राहिला. चला अण्णा. तसंच चला. थांबू नका. आणि दर वेळी तिकडून येत राहिलं, "व्हय. व्हय." इतक्या संकटात सुद्धा नक्कल करतात, असं त्याला वाटलं. आणि आज ती अगदी हुबेहूब जमलीय, याचं त्याला जरा कौतुकच वाटलं. मग फोन बंद पडला.

सात वाजता झोपडीतल्या फोनवरून वहिनींना निरोप आला. पोचले. सुखरूप.

वहिनींना सगळं कळलं तेव्हा त्या त्याच्यासमोर उभ्या राहून रडल्या. "तुझे उपकार कसे फेडू रे मी?" बिरुदेवला कुठं बघावं ते कळेना. त्यानं माठाकडं बघितलं.

५

दहा दिवसांनी अण्णा ऑफिसात आले. वहिनींनी पेढे आणले होते. अण्णा खुर्चीत बसले. जरा वाळले होते, बाकी तेच. हनुवटीवर तेच लाल खरचटलेलं, त्याच बोटात तीच अंगठी.

"काय अण्णा, बरं हाय का?" बिरुदेव म्हणाला.

"व्हय," अण्णा म्हणाले.

वहिनी हसल्या. "ऐकलंस? आल्यापासून हेच चाललंय. सासूबाई कानडीत बोलतात आणि हे व्हय, व्हय. सोलापूरचा जंगम जाऊन सांगोल्याचा धनगर परत आलाय. तुझीच शिकवणी!"

बिरुदेव हसला. सगळे हसले. अण्णा सगळ्यांच्या जरा मागून हसले.

"आणि पाणी पीत नाहीत बघ," वहिनी म्हणाल्या. "ग्लास तोंडाला लावतात नि ठेवतात. डॉक्टर म्हणतात धक्का बसलाय, हळूहळू येईल."

बिरुदेवनं स्वतःला समजावलं. माणूस मरणाच्या दारातून आलाय. तिथं शेवटचं जे ऐकलं ते तोंडात बसलं असेल. पण त्या दिवशी अण्णा एकदाही 'बे' म्हणाले नाहीत. तो संध्याकाळपर्यंत वाट बघत होता.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी एक पेनड्राइव्ह त्याच्या टेबलावर ठेवला.

"यांच्या जॅकेटच्या आतल्या खिशात होता, धुवायला टाकताना सापडला. कागदात गुंडाळलेला. त्या झोपडीवाल्या म्हातारीनं दिला असेल. यांना विचारलं तर म्हणतात व्हय. बघ काय आहे."

अण्णा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. वहिनी त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

कागदावर परक्या अक्षरात दोन ओळी होत्या. त्या बिरुदेवला वाचता आल्या नाहीत. खाली आकडे होते, ते आले. १२:४१. आकड्यांखाली दोन रेघा, कागद फाटेल इतक्या दाबून मारलेल्या.

पेनड्राइव्हमध्ये एकच चित्रफीत होती. झोपडीच्या दारावर, डोंगरावर लक्ष ठेवायला बसवलेल्या कॅमेऱ्याची. कोपऱ्यात घड्याळ. समोर नुसतं धुकं, खाली कोंडवाड्याचं उघडं फाटक. बिरुदेवनं वही पुढं ओढली, पेन उघडलं.

१२:३८ ला धुक्यातून मेंढरं आली. शांतपणे, वाट माहीत असल्यासारखी. मध्यावर जागा होती.

जागा रिकामी होती.

त्याला आधी वाटलं, हा दुसरा दिवस असेल. मग त्या रिकाम्या जागेतून त्याचा स्वतःचा आवाज आला. फोनमधून येतो तसा बारीक, पण स्पष्ट. "चला अण्णा. तसंच चला."

आणि त्याला उत्तर आलं, "व्हय."

इथं वारा कमी होता, त्यामुळं नीट ऐकू आलं. तो आवाज अण्णांचा नव्हता. तो बिरुदेवचा होता. त्याचाच 'व्हय', रोज अण्णांना द्यायचा तसा, मान खाली घालून म्हटलेला.

"थांबू नका अण्णा."

"व्हय." आता थोडा जाड.

"आलं, आता आलंच."

"व्हय." आता अण्णांचा.

कळप फाटकातून आत गेला. जागा त्याच्याबरोबर आत गेली, कॅमेऱ्याच्या खाली, दिसेनाशी झाली. दाराची कडी वाजली. फाटकाबाहेरचं धुकं परत रिकामं झालं.

१२:४१. दूर मागं, धुक्यात, काहीतरी लाल हललं.

लाल जॅकेट. माणूस पळत येत होता. दोन्ही हात वर करून हलवत होता, आणि हातांत फोन नव्हता. तोंड उघडं होतं, मिटत होतं, उघडत होतं. त्याची हाक काही केल्या ऐकू येत नव्हती. कोंडवाड्यातल्या एकाही मेंढरानं मान वळवली नाही. माणूस थांबला, गोल फिरला, झोपडी समोर असताना त्याला ती दिसत नसावी. मग तो डावीकडं वळला. डावीकडं वाफ होती.

धुकं मिटलं. चित्रफीत पुढं चार तास होती. बिरुदेवनं ती पळवत शेवटपर्यंत बघितली. चार तासांत समोर कुणीही आलं नाही.

७

त्याचा हात माऊसवर होता. तो हात कुणीतरी कधीतरी धरून शिकवला होता, एवढंच त्याला आठवत होतं.

दुसरा कुणी प्रवासी असेल. तसली लाल जॅकेटं सगळ्यांकडं असतात. अण्णा मागच्या दारानं आत गेले असतील. आवाज धुक्यात बदलतो. असं एकेक त्यानं मनात मांडलं, आणि मांडता मांडताच त्याला बाहेरच्या खोलीतला पंखा ऐकू आला, वहिनींच्या बांगड्या ऐकू आल्या. तिसरा कसलाच आवाज नव्हता. खुर्चीत माणूस बसला की खुर्ची कुरकुरते. ती कुरकुरत नव्हती.

"बिरू, उघडली का रे फाईल?" वहिनींनी विचारलं.

आता सांगायचं. काय सांगायचं? वहिनी, मी हाक मारली, आणि मी त्यांना बाहेर ठेवून दुसरंच आत घेतलं. पाच महिन्यांच्या पोटावर हात ठेवून बसलेल्या बाईला, जिनं तुझे उपकार कसे फेडू म्हटलं होतं, तिला.

"न्हाय उघडत वहिनी," तो म्हणाला. "खराब हाय."

तो उठून दारात आला. अण्णा त्याच्याकडं बघत होते. बघत होते म्हणजे डोळे त्याच्या दिशेला होते. वाट बघणाऱ्या जनावराच्या नजरेत राग नसतो, घाई नसते. त्याला ती नजर माहीत होती. दहा वर्षांचा असताना तळ्याकाठी त्या परक्या मेंढीच्या एकाच डोळ्यात ती त्याला दिसली होती.

आबांनी धरलेला कान दुखल्यासारखा झाला. त्याचे पाय माठाकडं गेले. तांब्या भरला. काठोकाठ भरलेल्या तांब्यातून फरशीवर थेंबांची ओळ उमटली.

"अगं बाई, किती सांडलंस! बरं नाही का तुला?" वहिनी म्हणाल्या.

त्यानं तांब्या पुढं केला. अण्णांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि प्यायले. एका दमात, गळ्याची गाठ न हलता, शेवटच्या थेंबापर्यंत. वहिनी बघतच राहिल्या.

"बघा! माझ्या हातचं नको, याच्या हातचं बरं चालतं. अजून हवंय का?"

अण्णांनी तांब्या खाली ठेवला. तोंड पुसलं. खुर्ची कुरकुरली. बिरुदेवकडं बघून ते हसले, या वेळी सगळ्यांच्या आधी.

"हौद बे," अण्णा म्हणाले. "आण अजून."

"आला गं बाई, आला माझा माणूस परत!" वहिनींनी डोळ्याला पदर लावला.

अण्णा उठले आणि वहिनींना हात देऊन उठवलं, अगदी पूर्वी उठवायचे तसं. दोघं बोलत दाराकडं निघाली. वाट द्यायला बिरुदेव बाजूला झाला. ती गेल्यावर त्यानं खाली बघितलं. तो भिंतीला पाठ लावून उभा होता, आणि अण्णा जिथून गेले तिथून त्याच्या पायांपर्यंत फरशी मोकळी होती. काठी पोचेल तेवढी.